आत्याबाईंचे तेरा भाग

१२ जाने. १९८६, रविवार

आत्याबाई आल्या. सासूबाईंना मी लग्नापासून आत्याबाईच म्हणते. इथून पुढं आ.बा. लिहीन, शाई वाचते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पट्टी आहे. डाव्यानं तसंही अंधुकच. भाऊजी दवाखान्यातून रिक्षानं सोडून गेले. "कुसुमबाई, चष्मा लागला की येतो न्यायला. झरीत धूळ लय, डॉक्टर नको म्हणायलेत." सोबत हुरड्याची पिशवी. थोरले दीर, झरी गावात असतात, आ.बा. त्यांच्याकडंच. भिंतीकडं बघून बोलतात. बावीस वर्षं झाली, भिंतीनं एकदाही उत्तर दिलेलं नाही.

साडेदहाला नवी मालिका लागली, 'इमलीवाला मकान'. ह्यांनी टीव्ही घेतला आणि चार महिन्यांत स्वतः गेले. दोन वर्षं मी तो बातम्यांपुरता लावते. आज आ.बां.ना करमावं म्हणून लावला. हिंदी त्यांना समजतं, निजामाच्या राज्यात वाढलेल्या. तर आ.बा. उठल्या, चाचपडत स्वयंपाकघरात गेल्या आणि जोंधळ्याचे पाच दाणे मुठीत घेऊन परत येऊन बसल्या.

"हे कशाला?"

"गोष्ट सांगायलेत ना. मोकळ्या हातानं कशी ऐकावी?"

श्रावणातल्या कहाणीला घेतात तसे दाणे. मी पोट धरून हसले. त्या नाही हसल्या.

भाग १: मोठं घर, अंगणात चिंच, कमला नावाची पोरगी, घर सोडून गेलेला तिचा मोठा भाऊ. तो परत येतो का, एवढाच प्रश्न, आणि त्याला तेरा आठवडे. दादाजींचा खोकला तेवढा खरा. गुण ३८. ढकलून पास.

१९ जाने., रवि.

भाग २. कमला भावाला पत्र लिहिते. अर्धा वेळ नुसतं लिहिते. मुनीम पत्र लपवतो. पाहुणे दोन आले, दोघेही त्याच टांग्यातून, टांगेवालाही तोच. गुण ३५.

संपल्यावर म्हटलं, द्या ते दाणे, डब्यात टाकते. मूठ आवळली त्यांनी. "पुरी झाली का गोष्ट?" नाही झाली. "मग? गोष्ट पुरी झाल्याबिगर दाणे सोडत न्हाईत. अन् अर्धी टाकून उठत बी न्हाईत. घराला लागतं."

दाणे चिंधीत बांधून देव्हाऱ्यात. गणिताच्या बाईच्या घरात हे.

२६ जाने., रवि.

शाळेत झेंडा. टीव्हीवर परेड, मालिका नाही. आ.बा. दाणे घेऊन बसल्या होत्या, बँड ऐकून उठल्या. "आज खाडा हाय म्हण."

२ फेब्रु., रवि.

पट्टी गेली, आता हिरव्या कापडाची झापड. भाग ३. मंगलबाई आल्या होत्या, शेजारच्या कंपाउंडरच्या मिसेस. तोंड शिवलं तरी बोलतील अशा. कमला रडली की ह्या रडतात, आणि पुढं काय होणार ते आधीच सांगतात. दर वेळी चुकतं. कमलाच्या कपाळावरची बट आज डावीकडं होती, मागच्या रविवारी उजवीकडं. गुण ३६.

दिवसभरात एक बरी गोष्ट. शाळेतून आले की कुलूप काढावं लागत नाही. आ.बा. आतून कडी काढतात. चहाचं आधण ठेवलेलं असतं, न दिसता ठेवतात, निम्मी साखर ओट्यावर. ओरडले थोडं. मग तो चहा प्याले.

९ फेब्रु., रवि.

भा. ४. मधेच वीज गेली. मी चिडले, बिल वेळेवर भरायचं आणि वर हे. आ.बा. शांत. "म्हंजे आता ते एक भाग वाढवून देतील का?" नाही हो, तिकडं चालूच असतं. "असं व्हय," म्हणाल्या. चेहरा जरा पडल्यासारखा वाटला. मालिका आवडायला लागली बहुतेक.

गुण नाहीत, अर्धा पेपर.

१६ फेब्रु., रवि.

भा. ५. चाचीनं कमलाच्या लग्नाचं काढलं. मुलगा बघायला आला, नाकात बोलतो. त्यातल्या त्यात हाच माणूस घरातल्यासारखा वाटला, ताटावर बसून नीट जेवला. बाकीचे घास नुसता तोंडापर्यंत नेतात. ४४.

आ.बां.चं डोकं धुऊन दिलं. केस किती उरलेत, बोटभर वेणी. म्हणाल्या, "माझ्या लेकाला तुझ्या हातची भाजी लय आवडायची." दोन वर्षांत पहिल्यांदा ह्यांचा विषय काढला. मी तांब्या भरत राहिले.

२३ फेब्रु., रवि.

काल चष्मा आला. काचा म्हणजे बाटलीचे बूड. आधी माझ्याकडं बघितलं बराच वेळ. "किती वाळलीस गं. मला कुणी सांगितलंच न्हाई." मग घरभर हिंडून जाळी शोधली. तीन ठिकाणी सापडली.

भा. ६. पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं त्यांनी. "ही व्हय कमला. आवाजावरून चांगली वाटली व्हती." माझंही हेच मत आहे. ४०.

२४ फेब्रु., सोम.

शाळेतून आले तर भाऊजी ओसरीवर. चष्मा लागला ना, मग न्यायला आले. आ.बां.च्या लुगड्यांसाठी रिकामी पिशवी आणलेली. मी चपला घालूनच स्वयंपाकघरात गेले. का गेले? ठरलेलंच होतं की.

आ.बा. म्हणाल्या, "गोष्ट अर्धी हाय माझी. दाणे घेतलेत."

भाऊजींनी भिंतीला विचारलं, "किती ऱ्हायलीय?"

सात भाग, मी म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं. "पाडवा हुकायलाय." भाऊजी तसे सरळ माणूस, पोथीला बसले तर पायाला मुंग्या आल्या तरी हलत नाहीत. दाणे घेतलेत म्हटल्यावर पुढं बोलणार काय? फक्त निघताना मला म्हणाले, "गावात लोक म्हणायलेत, थोरल्यानं आईला काढली अन् धाकट्याच्या विधवेच्या गळ्यात टाकली. मला रस्त्यानं जाऊ वाटंना." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. बरोबर आहे त्यांचं. आई थोरल्याकडंच, आमच्यात कुणाला विचारा. त्यांच्या घरी माणसं चांगली, दूधदुभतं, नातवंडं. माझ्याकडं काय आहे? एक टीव्ही.

पिशवी रिकामी घेऊन गेले.

२ मार्च, रवि.

भा. ७. कमलानं आणखी एक पत्र लिहिलं. मुनीमानं आणखी एक लपवलं. दादाजी खोकले. बाकी काहीही घडलं नाही. फार चांगला भाग. ६५.

५ मार्च, बुध.

वरचं वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. काही घडलं नाही म्हणून पासष्ट? अशी मार्क देणारी बाई शाळेत असती तर मी हेडबाईंकडं तक्रार केली असती.

स्टाफरूममध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा वाजलं. दोन टेबलं, दोन चहाचे गट, सात-आठ वर्षं हेच. मी नाव द्यावं म्हणणाऱ्यांच्या टेबलावर, दुसऱ्या टेबलावरच्या माझ्या जुन्या मैत्रिणीला ते रुचत नाही. पण आज तिनं मधल्या सुट्टीत हळूच विचारलं, "मुनीम पकडला जाईल का गं?" म्हटलं, न जावा.

९ मार्च, रवि.

भा. ८. आज मी मालिका कमी आणि आ.बां.ना जास्त पाहिलं. दाणे मुठीत, तोंड टीव्हीकडं, पण हातानं मेथी निवडणं चालू. कमला विहिरीवर जाते, केवढं ते संगीत, मंगलबाई पदर तोंडात धरून. आ.बा. मेथीतली काडी बघत होत्या.

संपल्यावर सहज विचारलं, मागच्या भागात काय झालं होतं हो? "झालं की. ती पोरगी रडली." भावाचं नाव काय? "कुणाच्या?"

म्हणजे आठ भाग झाले आणि बाईंना कथा माहीत नाही. त्यांना ती आवडतही नाही. मग दाणे कशाला धरून बसल्यात?

भांडी घासता घासता कळलं मला. कळल्यावर पातेलं तसंच नळाखाली धरून उभी राहिले, पाणी वाहून गेलं.

विचारलं नाही. विचारलं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं की मोडलं. थोरला लेक असताना सुनेकडं राहते असं तोंडानं म्हणणं त्यांच्यानं व्हायचं नाही. माझ्यानंही राहा म्हणवत नाही. भाऊजींचा अपमान होईल, आणि त्यांनी माझ्याशी कधी वाईट केलेलं नाही.

गुण ७०. मालिकेला नव्हेत.

१६ मार्च, रवि.

क्रिकेट. मालिका रद्द, सगळा दिवस पांढऱ्या कपड्यातले लोक. मंगलबाई कडकड बोटं मोडून गेल्या. मी क्रिकेटला आयुष्यात इतका मान कधी दिला नव्हता. आ.बा. "आज बी खाडा?" म्हणाल्या आणि पुरणाला डाळ घातली. सण नाही, वार नाही.

२३ मार्च, रवि.

भा. ९. टांगा बदलला. घोडा तोच. ६८.

आ.बा. मला पाढे विचारतात हल्ली, एकोणतिसाचा म्हण. मी म्हणते, त्या ऐकतात. बरोबर की चूक त्यांना कळत नाही, पण थांबले की "अडकली" म्हणतात. शाळेत बावीस वर्षं मी हेच म्हणत आले.

३० मार्च, रवि.

भा. १०. दादाजी वारले. ह्या मालिकेतला एकमेव नट, त्यालाच मारला. खोकला थांबल्यावर घर फार गप्प दाखवलंय, तेवढा तुकडा खरोखर चांगला. मी रडले. आ.बां.नी मेथी बाजूला ठेवली (आज मेथी नव्हती, गवार होती) आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याच हातात दाणे होते, टोचले.

गुण ८२, आणि हे अगदी प्रामाणिक.

६ एप्रिल, रवि.

भा. ११. मुनीम पकडला गेला. पत्रांचा गठ्ठाच्या गठ्ठा बाहेर. इतकी पत्रं कमलानं लिहिली कधी, आम्ही तर चारच पाहिली. आता कथा धावायला लागली, मेल्यांना काय घाई झाली एकदम? दोनच भाग उरले. २०. रागानं दिलेत, माहीत आहे.

मानवतहून माझ्या भावाचं पत्र, सुट्टीत ये म्हणून. आ.बा. असतील तर कशी येऊ, असं लिहिलं. पोस्टात टाकलं आणि मग भीती वाटली, आपण हे गृहीत धरून बसलो.

११ एप्रिल, शुक्र.

काल पाडवा. भाऊजी गाठी आणि नवं लुगडं घेऊन आले. जेवले. "आता एक का दोन?" दोन. "मग सत्तावीस तारखेला येतो. रविवार हाय, तुमाला सुट्टी." आ.बा. त्यांच्या ताटात श्रीखंड वाढत राहिल्या, ते नको नको म्हणत असताना.

मला ह्या बाईची सवय झाली आहे असं लिहिणार होते. सवय कशाला म्हणायचं, माया आहे. जाऊ नये असं वाटतं. बस.

१३ एप्रिल, रवि.

भा. १२. टांगा स्टेशनवर उभा, गाडी आली, डब्यातून कुणीतरी उतरलं, फक्त बूट दाखवले. संपलं. मंगलबाई म्हणाल्या भाऊच आहे. म्हणजे नसणार.

गुण देण्यात मन नाही. पेपर तपासायचे आहेत, सातवी अ.

२० एप्रिल, रवि.

आज शेवटचा भाग.

आ.बा. पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवून मोकळ्या. तीन दिवस गहू भिजत होते, मी पाहिले होते, वार मोजला नव्हता. नऊला गच्चीवर लुगडं पसरून कुरड्या घालायला बसल्या. साडेदहाला मी खालून हाक मारली, लागली हो. वरून आवाज, "बघ तू. मला कुरड्या राखायच्यात, कावळे लय झालेत."

वर गेले. म्हटलं, मी राखते, तुम्ही जा, शेवटचा आहे. डोक्यावर पदर, चष्म्यावर चिकाचे थेंब, हात कोपरापर्यंत पांढरे. माझ्याकडं बघितलं नाही. "मला उन्हाचं वर बरं वाटायलंय."

एप्रिलच्या उन्हात, परभणीत.

एकटीनं पाहिला शेवट. काय झालं ते इथंही लिहीत नाही. मत मात्र लिहिते: तेरा आठवड्यांत ह्या लोकांनी एकदाच धीर धरला आणि तो शेवटच्या पाच मिनिटांत. मला आवडलं. कमलाला अभिनय येतो हे आजच कळलं, तिला कुणी बोलूच दिलं नव्हतं.

वर गेले. त्यांनी आधीच हात वर केला. "सांगू नको."

एवढ्यात मंगलबाई, आज घरच्याच टीव्हीवर बघून आलेल्या, जिन्यातूनच, "आत्याबाई, पाह्यलं का, शेवटी तो..." आ.बां.नी चिकाच्या हातांनी दोन्ही कान दाबले. मी मंगलबाईंना दंडाला धरून जिन्यातून खाली नेलं. बऱ्याच रागावल्या. त्यांना घरी नेऊन बसवून खरं ते सांगितलं, अर्धंमुर्धं. आधी "अगं बाई" म्हणाल्या, मग गप्प बसल्या. मंगलबाई गप्प, हे मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

कानाला चीक वाळून चिकटला आ.बां.च्या. संध्याकाळी कोमट पाण्यानं काढला. काढताना म्हणाल्या, "शाळेतून आल्यावर दार आतून उघडणारं कुणी पायजे बाई. थोरल्याकडं उघडायला सात माणसं हायेत." मी हो म्हटलं.

२७ एप्रिल, रवि.

भाऊजी आले. सकाळच्या एसटीनं, पिशवी घेऊन. चहा झाला. "आई, संपली ना गोष्ट?"

"माझी न्हाई संपली. शेवटचं मी ऐकलंच न्हाई. कुरड्या व्हत्या."

भाऊजींनी भिंतीकडं बघितलं. मग उठले, पाय धुऊन आले, देव्हाऱ्यातली चिंधी काढली, सोडली, आणि दाणे स्वतः आईच्या हातात ठेवले. फार हळू. "घे. कुसुमबाईनं पाह्यलीय ना? त्या सांगतील. कोणाच्या बी तोंडून पुरी झाली की झाली."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगा."

बरोबर होतं ते. कहाणी कुणीही सांगितली तरी चालते, आम्हीच एकमेकींना सांगतो. आ.बा. मूठ मिटून बसल्या. त्या काचांतून डोळे एवढे मोठे दिसतात. त्या मला नको म्हणत नव्हत्या, सांग म्हणत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, मी काय करते ते.

सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम. बाराच्या गाडीनं गेल्या असत्या, भाऊजींची मान गावात वर राहिली असती, कुणाचं काही चुकलं नसतं. मला तोंडपाठ आहे तो शेवट, आठवडाभर दुसरं काही सुचलेलं नाही.

म्हटलं, "भाऊजी, ऐन शेवटाला वीज गेली."

मुलींनी दुसरीचं बघून लिहिलेलं उत्तर मला पाठीमागूनसुद्धा ओळखू येतं. भाऊजींनाही आलं असेल. चेहरा लाल झाला माझा, कळत होतं. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "शेजारी?" मी म्हटलं, दोन्ही घरांना विजेची एकच तार आहे. शेजारच्या खिडकीत मंगलबाई होत्या, त्यांनी खिडकी लावून घेतली.

भाऊजी जेवून निघाले. कुरड्या बांधून दिल्या. दारात चपला घालता घालता म्हणाले, "झरीत बी टीव्ही हाय. पाह्यली असंल कुणी. इचारतो, अन् पुढच्या रविवारी येतो." आवाजात राग नव्हता. दमल्यासारखा होता, किंवा मला तसं ऐकायचं असेल. पिशवी त्यांनी नेली नाही. विसरले की ठेवली, ते कळलं नाही. खुंटीला आहे.

आ.बां.नी दाणे पुन्हा बांधून ठेवले. भाकरीचं पीठ काढलं. मळता मळता विचारलं, "खरंच लाईट गेली व्हती का गं?"

"हो."

"बरं झालं," म्हणाल्या.

झरीत टीव्ही असलेली घरं दोन. एक सरपंचाचं, त्यांची सून माझी विद्यार्थिनी. शेवट पाहिला नाही म्हण, असं उद्या तिला पत्र टाकावं की नको, ह्याचा विचार करतेय.